रोवणीचं पोट

सकाळी साडेसहाला बिसराम मडावीने बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून भोजराज पटलेंच्या अंगणात आणलं. मंगली उतरली आणि पोट धरून पायरीवर बसली.

"डॉक्टरीन उठली का?" बिसरामने हाक दिली.

भोजराजची मुलगी दामिनी तोंड पुसत बाहेर आली. ती डॉक्टर नव्हती. जूनमध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिचे गुण दुसऱ्यांदा कमी पडले, तेव्हा वडील तिला नागपूरच्या क्लासला पाठवायला तयार होते. तिनेच नको म्हटलं. वर्षभर गावातल्या डॉ. भुपेंद्र रहांगडालेंच्या दवाखान्यात हाताखाली काम करायचं, अभ्यास घरी करायचा आणि मग पुन्हा परीक्षेला बसायचं, असं तिने ठरवलं.

"पुस्तकं दोनदा वाचली," ती वडिलांना म्हणाली होती. "माणूस एकही पाह्यला नाही."

"माणसं पाहायचे मार्क नसतात," फुलचूरचा आतेभाऊ हिमांशू हसला होता. भोजराजने त्यालाच गप्प केलं.

दवाखान्यात जाऊ लागल्यापासून गाव तिला डॉक्टरीन म्हणू लागलं. आधी थट्टेने, मग सवयीने. सुरुवातीला ती नाही म्हणायची.

"काय झालं, काकी?"

"रातीपासून मुरडून राह्यलं," मंगली म्हणाली. "एक डाव उलटी झाली."

दामिनीने तिला ओसरीवर निजवलं. पोट मऊ होतं, ताप नव्हता. बीपी ठीक निघालं. काल दिवसभर मंगली भोजराजच्याच बांधीत, चिखलात धानाची रोपं लावत, रोवणीला होती. अशा बायका महिनाभर दवाखान्यात रोज येत होत्या. दिवसभर चिखलात वाकायचं, सकाळी उपाशी, दुपारी शिळा भात. रहांगडाले डॉक्टर त्याला रोवणीचं पोट म्हणत. गॅसची एक गोळी देत, आणि बाई दुपारपर्यंत पुन्हा बांधीत उतरे. आता दामिनीला डॉक्टरांना विचारावंही लागत नसे.

"डोळे काऊन असे?" तिने विचारलं.

"उघडूनच नाही राह्यले. झोप कुठं झाली?"

दामिनीने घरातून गोळी आणून दिली. मंगलीने ती पाण्याबरोबर कशीबशी गिळली.

"मोठी डॉक्टरीन झाल्यावर वळखशील का मले?"

"नाही वळखणार. नंबर लावून ये."

मंगली हसली. तिचा आवाज जरा जड होता.

दहाच्या सुमारास बिसराम धावत दवाखान्यात आला. तिथे दामिनी एकटीच होती, डॉक्टर अजून यायचे होते. घरी मंगलीला मान सावरता येत नव्हती. शेजारच्या छोटेलालच्या ऑटोत तिला घातलं, आणि दामिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत बांध्यांमधून बायका वाकलेल्या दिसत होत्या. मंगलीचा श्वास आखूड होत गेला. दामिनीने तिला दोनदा हाक मारली. तिने पापण्या उचलायचा प्रयत्न केला, त्या उचलल्या गेल्या नाहीत.

तिरोड्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाने पापणी वर केली आणि विचारलं, "रात्री कुठे झोपली होती?"

"खाली," बिसराम म्हणाला. "खाट माह्या मायले देल्ली."

हा एक प्रश्न दामिनीने विचारला नव्हता.

"मण्यार," डॉक्टर नर्सला म्हणाले. "लस काढा." मग बिसरामकडे वळले. "हा साप झोपेत चावतो. दुखत नाही, खूण दिसत नाही. सकाळी नुसतं पोट दुखतं, पापण्या जड होतात. आधी कुठे दाखवलं?"

दामिनीने तोंड उघडलं. तिच्या आधी बिसराम बोलला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"आमच्या डॉक्टरीनले दाखवलं, साहेब. सकाळीच. इनं गोळी देल्ली म्हणून येथवर तरी आली. नाही तं घरीच गेली असती."

डॉक्टरांनी दामिनीकडे पाहिलं. "कितव्या वर्षाला?"



"यंदा होऊन राह्यली," बिसराम म्हणाला.

लस दिल्यावर मंगलीला अँब्युलन्सने गोंदियाला हलवलं. नर्स हाताने फुगा दाबून तिला श्वास देत होती. आत एकाच माणसाला जागा होती. बिसराम चढला, आणि दार लागेपर्यंत दामिनीला हात जोडून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन भोजराजला आला. मंगलीला मशीनवर ठेवलं आहे. डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर काही सांगत नाहीत. हीच बातमी त्याने गावातही दोघातिघांना दिली होती, आणि गोळीचं न विसरता सांगितलं होतं.

भोजराजने आत येऊन दामिनीला उठवलं. ती जागीच होती.

"पोट दुखते म्हणतात," तो म्हणाला. "तिघीजणी बसल्या आहेत पायरीवर. दवाखान्यात जा म्हटलं, तं नाही म्हणतात. तुह्याच हातची गोळी पाह्यजे."

बाहेरून बोलण्याचा आवाज येत होता. रोवणीला उशीर होतो, असं कोणीतरी म्हणालं.

दामिनी अंथरुणावर उठून बसली. दार अजून लोटलेलंच होतं.