चारशे सतरातली सुरकुती

पवनचक्कीचं पातं वर फिरत असतं तेव्हा नाजूक दिसतं. खाली आणून आडवं टाकलं की त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना माणसाला दम लागतो. अशी वय झालेली, उतरवलेली पाती कापायचं ते आवार होतं. बहुतेक तुकडे भरडून सिमेंटच्या भट्टीत जात. धड निघतील त्यांचे बाक होत, सायकलींवरची छपरं होत. या खेपेला त्यांचा पूल व्हायचा होता. शाळा कालव्यापलीकडे, आणि पोरं हमरस्त्याने वळसा घालून जात. त्यांच्यासाठी पायी जायचा पूल.

कुठला तुकडा धड, हे मावशी ठरवायची. बारकी हातोडी घेऊन पात्याच्या अंगावर ठोकत, कान देत ती पुढे सरकायची. आवाज पोकळ आला की लाल खडूची फुली. आवारात सगळ्यांचीच ती मावशी. पारख तिच्याकडे, कारण तरुणपणी तिने अशीच पाती घडवली होती. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर अंथरायचं, मग त्यात राळ भरायची, की सुकून दगड.

त्या सोमवारी नव्याने आलेल्या पात्याच्या बुडाशी कोरलेला आकडा तिने वाचला आणि धूळ पुसून पुन्हा वाचला. चारशे सतरा.

चोवीस वर्षं हा आकडा तिच्या डोक्यातून गेला नव्हता. तेव्हा लेक पाच महिन्यांची होती. कान दुखत होता म्हणून तीन रात्री तिने घर डोक्यावर घेतलं होतं. चौथ्या दिवशी साच्यावर ओणवी असताना मावशीचा उभ्या उभ्या डोळा लागला. पळभरच. जागी झाली तर हाताखालचं कापड सरकून सुरकुती पडलेली, चांगली बोटभर. सांगितलं असतं तर सगळं उलगडून पुन्हा घालावं लागलं असतं, आणि साहेबाने तिला दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं. तिने वर पुढचा थर अंथरला, तळव्याने सपाट केला, आणि गप्प राहिली.

पुढे दर वादळाच्या बातमीला तिच्या जिवाला घोर लागायचा. कधीही न पाहिलेल्या कुठल्यातरी टेकडीवर ते पातं गरगरत असायचं, आणि खाली कुणीतरी गुरं घेऊन जात असेल असं तिला वाटायचं.

“मावशी, हेच घेऊ पुलाला,” इंजिनीअर पोरगी म्हणाली. तिच्या हातात पुलाचा नकाशा होता. “जाडी बरोबर, लांबी बरोबर. ठोकून बघा आणि एकदा हो म्हणा.”

मावशी बुडापासून ठोकत निघाली. एकविसाव्या पावलावर, सुरकुती पडली होती त्या जागी, थांबली. ठोकलं. आवाज खणखणीत. पुन्हा ठोकलं. पुन्हा खणखणीत.

“स्थळ बघताय का हो?” करवत चालवणारा भोंगा लांबून ओरडला. यंत्राजवळ राहून राहून त्याला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती, म्हणून हे नाव. “किती न्याहाळाल! पसंत आहे म्हणा आणि मोकळ्या व्हा!”

मोकळं होणं सोपं होतं. कान हो म्हणत होता, कागद हो म्हणत होता, आणि जिने ते कापड अंथरलं तिच्याखेरीज कुणाला काही ठाऊक नव्हतं. घरी लेक सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन बसलेली; घर सध्या मावशीच्याच पगारावर. मावशीने डोळे मिटले. तिला दप्तरं दिसली, पाठीवर उड्या मारणारी.

तिने खिशातून खडू काढला आणि फुली मारली.

“अहो, वाजतंय तर छान!” पोरगी म्हणाली.

“आत सुरकुती आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मीच पाडलीय.”

मग तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. भोंगासुद्धा करवत सोडून जवळ आला.

“इथे कापलं की हे पातं पुलाच्या कामातून गेलं,” पोरगी शेवटी म्हणाली. “दुसरं दोन महिन्यांनी येईल. आणि सुरकुती नसली तर?”

“तर मला घरी पाठव.”

करवत लागली. धूळ बसावी म्हणून सोडलेलं पाणी दुधासारखं पांढरं होऊन वाहू लागलं. काप निघाला तसे आतले थर दिसले, मिटलेल्या वहीच्या पानांसारखे. एका ठिकाणी ती पानं हळूच वर चढून खाली उतरत होती. झोपलेल्या पोराच्या गुडघ्यावरून पांघरूण उतरतं तशी.

पोरगीने टॉर्च धरला. बराच वेळ बघितलं.

“आहे. पण चीर नाही. राळ गच्च बसलीय, म्हणून आवाज चांगला आला.” ती मावशीकडे वळली. “शिकताना आम्ही दोनशे पात्यांचे काप काढले होते, मावशी. दर तिसऱ्यात अशी एखादी निघायची.”

“दर तिसऱ्यात?”

“म्हणजे काही तुमची एकटीचीच करामत नाही,” भोंगा म्हणाला. “उगाच मोठेपणा घेऊ नका.”

“पुलाला मात्र हे चालणार नाही,” पोरगी म्हणाली. “पोरं जाणार त्यावरून. बरं झालं बोललात. उद्या वेळेवर या, बाकांसाठी दुसरी चार बघायचीत.”

हलकं वाटायला हवं होतं. मावशीला फक्त दमल्यासारखं वाटलं, चोवीस वर्षांचं एकदम. ती तिथेच उलट्या बादलीवर बसली आणि पाणी ओसरेपर्यंत उठली नाही.

घरी गेल्यावर आधी मोरी. थंड पाण्याने अंघोळ, कारण गरम पाण्याने काचेची धूळ कातडीत आणखी रुतते. आणि अंघोळ झाल्याशिवाय बाळाला हात नाही. केस पुसत ती खोलीत आली तर लेक भिंतीला टेकून झोपलेली, तोंड उघडं, आणि बाळ मांडीवरून घसरत पार गुडघ्यापर्यंत आलेलं. ते आपली मूठ चोखत होतं, मजेत.

मावशीने त्याला उचललं तशी लेक दचकून उठली.

“आई! झोप लागली मला? अगं, पडला असता तो!”

“पडला नाही.”

“पण पडला असता ना! कसली आई आहे मी!”

मावशीने बाळ खांद्यावर टाकलं. लेकीला काय काय सांगावंसं वाटलं, पण बोलायचं त्राण नव्हतं.

“दमलेली आहेस,” ती म्हणाली. “लागतो डोळा. तू नीट आडवी हो बघू.”

“तू नाही दमलीस?”

“दमलेय की.”

लेकीला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती कधीच झोपली होती. बाळाने मावशीच्या ओल्या केसांची बट मुठीत धरली, आणि ती त्याला थोपटत दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालू लागली.