तिघांची बरोबरी

आमच्या एल्म फोर्क कॉलेजात एकवीस वर्षं माझं काम एकच: बास्केटबॉलचे आकडे ठेवायचे आणि वर्तमानपत्रांना बातम्या पाठवायच्या. आयोवाच्या या कोपऱ्यात लोक मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, माझ्या बायकोचा पाय. ती सफरचंदाचा करते, तो खाण्याचा. दोन, बरोबरी कशी सोडवायची याचे नियम मला तोंडपाठ आहेत. 'व्हर्लिनला विचारा,' असं सगळे म्हणत, आणि मला ते फार आवडे. आता कुणी म्हटलं की मान खाली जाते.

आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, नऊ कॉलेजं. पहिली सहा स्पर्धेला जातात, उरलेल्या तिघांचा हंगाम तिथेच संपतो. आमच्या मुली अकरा वर्षांत गेल्या नव्हत्या. शेवटच्या शनिवारी दुपारी आमचा एकच सामना उरला होता. जिंकलो तर सरळ आत. हरलो तर हॅलोवे, मिल्टन रिज आणि आम्ही अशी तिघांची बरोबरी, आणि जागा दोन.

त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोप असतो. आईवडील फुलं घेऊन मैदानात येतात आणि त्या मुलींना सुरुवातीला खेळवायची रीत आहे. माझी मुलगी मॅरिट शेवटच्या वर्षाला होती. चार वर्षांत मिळून ती सत्तावीस मिनिटं खेळली होती. हा आकडा माझ्याइतका कुणालाच पाठ नव्हता.

शुक्रवारी कोच लॅव्हॉन प्रुइट माझ्या खोलीत आल्या. "व्हर्लिन, उद्या रीतबीत काही नाही. जिंकायचंय. मॅरिटला आधीच सांगून ठेव, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं."

"हरलात तर काय होतं ते बघू तरी द्या," मी म्हटलं.

नियमावली उघडली. तिघांनी एकमेकांविरुद्ध दोन-दोन सामने जिंकलेले, म्हणजे तिथे बरोबरीच. पुढचा निकष पहिल्या क्रमांकाच्या संघाविरुद्धची कामगिरी. त्या संघाला हॅलोवेने एकदा हरवलं होतं, आम्ही दोघांनी नाही. म्हणजे हॅलोवे आत. उरलो आम्ही आणि मिल्टन रिज. पुढे वाक्य होतं: उरलेल्या संघांची तुलना सुरू राहील.

मी वाचलं 'सुरू होईल'. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, दोघांतल्या सामन्यांपासून. आणि मिल्टन रिजला तर आम्ही दोन्ही वेळा धूळ चारली होती! गेल्या वर्षीपर्यंत नियम तसाच होता. उन्हाळ्यात तो बदलल्याचं पत्र आलं होतं आणि मी ते न वाचताच फायलीत लावलं होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात; मला ते नियमावलीत दिसलं.

त्या शब्दावर माझी नजर क्षणभर अडखळली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अडखळली, आणि मी पान उलटलं.

"हरलात तरी आत आहात," मी म्हणालो.

"नक्की?"

"कोच, मला विचारताय?"

त्या हसल्या. "मग डेझिरेचा दुखरा घोटा मंगळवारच्या स्पर्धेसाठी जपते. आणि तुझ्या पोरीला खेळवते, बाबा. झालं समाधान?"

डेझिरे कोलबर्ट म्हणजे आमचा अर्धा संघ. तिचंही शेवटचं वर्ष. शनिवारी रीतीपुरती दोन मिनिटं खेळून ती पायाला बर्फ बांधून बसली. शेवटच्या चार मिनिटांत आम्ही तीन गुणांनी मागे होतो. ती दोनदा उठली.

"कोच, मला सोडा ना. मी ठीक आहे."

"बस गं. मंगळवारी हवी आहेस तू."

मॅरिट एकोणीस मिनिटं खेळली. तिने दोन बास्केट केले आणि दुसऱ्याच्या वेळी मी आकडे सोडून उभा राहिलो. माझ्या नोकरीत ते शोभत नाही. आम्ही तीनच गुणांनी हरलो आणि कुणालाच दुःख झालं नाही. मुली फोटो काढत होत्या. माझी बायको पाय कापत होती.

चाळीस मिनिटांनी कॉन्फरन्सच्या कार्यालयातून फोन आला. तुलना पहिल्यापासून होत नाही, पुढे सरकते. पुढचा निकष दुसऱ्या क्रमांकाचा संघ. त्याला मिल्टन रिजने एकदा हरवलं होतं, आम्ही एकदाही नाही. सहावी जागा मिल्टन रिजची.

कोचनी फोन ठेवला. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बातमी लिही. नियम समजून घेण्यात चूक माझी झाली, असं लिही."

"कोच, पण..."

"संघ माझा आहे, व्हर्लिन. लिही."

मी लिहिलं. 'चूक सर्वस्वी माझी आहे, असे प्रशिक्षक लॅव्हॉन प्रुइट यांनी सांगितले.' अवतरणचिन्हंसुद्धा जागच्या जागी दिली आणि पाठवून दिलं. इतका नीट मजकूर मी वर्षभरात लिहिला नव्हता.

बाहेर आलो तेव्हा डेझिरे बाकावर एकटीच बसली होती. घोट्यावरचा बर्फ वितळून बुटात गेला होता. मॅरिट फुलं घेऊन तिच्या शेजारी उभी होती.

"मिस्टर डाइकस्ट्रा," डेझिरे म्हणाली, "कोचनी तुम्हाला विचारलं नव्हतं का? तुम्ही तर सांगितलं असणार ना, की हरून चालणार नाही म्हणून?"

तिने स्वतःच मला वाट करून दिली होती. मी मान हलवली. वर म्हणालो, "सांगून बघितलं मी."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "ऐकायला हवं होतं त्यांनी तुमचं."

मॅरिटने माझ्याकडे पाहिलं. सकाळी न्याहारीला तिने मला विचारलं होतं, हरलो तर? आणि मी लोणी लावता लावता म्हणालो होतो, तीनदा तपासलंय, बिनधास्त खेळ. ती काही बोलणार नाही असं मला वाटलं. बोलू नये अशी मी देवाकडे प्रार्थना केली, तीही चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसाने.

ती डेझिरेसमोर खाली बसली आणि तिचा ओला बूट काढू लागली.

"डेझी, डॅडनीच कोचना सांगितलं होतं, हरलं तरी चालेल म्हणून. मला खेळायला मिळावं म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "सॉरी गं. माझ्यामुळे तुझं गेलं."

चूक माझी, खोटं माझं, आणि माफी माझी पोर मागत होती. मी दोघींपासून चार पावलांवर तसाच उभा राहिलो.