नाडीखालची जखम

दुपारची जेवणं झाली की मी अक्काला पेपर वाचून दाखवतो. अक्काबाई माझी थोरली बहीण. सायखेड्याला जन्मभर शेतात राबली, भावजी गेल्यावर पंचवटीत माझ्याकडे राहायला आली. मी वाचनालयातून निवृत्त झालेला एकटा माणूस. स्वतःचं काही बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडते, छापलेलं मात्र सरळ वाचता येतं. त्यामुळे आमचं बरंचसं बोलणं पेपरच्या आधारानंच चालतं.

दिवाळीनंतर अक्का खाली बसताना कमरेला हात दाबून धरू लागली. विचारलं तर म्हणाली, नाडी काचते. मग एकदा दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या परकरावर, नाडीच्या जरा खाली, धुवूनही न गेलेला रक्ताचा डाग दिसला. मी नजर फिरवली. बहिणीच्या परकराकडे बघत उभं राहायचं म्हणजे मलाच कसंतरी झालं. पण डाग डोक्यातून जाईना. वैद्यकावरचं एक जाड पुस्तक माझ्याकडे आहे. ते फार वाचायचं नाही असं मी ठरवलेलं, कारण त्यातले निम्मे रोग मला होऊन गेले आहेत. तरी काढलं. एकाच जागी वर्षानुवर्षं काचलेली कातडी, तिथली न भरणारी जखम, तिची उंच, टणक कड. पुढचा शब्द वाचला आणि पुस्तक मिटलं.

हे तिला सांगायचं कसं, याचे शब्द जुळवण्यात माझा आठवडा गेला. शेवटी एका दुपारी बाजारभावाच्या पानावर नजर ठेवून मी मनाचंच वाचायला लागलो. साडी घट्ट नेसल्यामुळे, म्हणजे, ज्या स्त्रियांच्या, अं, कमरेला न भरणारी जखम असेल, त्यांनी ती डॉक्टरांना दाखवावी.

अक्का गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"पेपरवाला आज लय अडखळतोय, देवराम."

मी पान तसंच धरून बसलो.

"कधीपास्नं ठाऊक हाय तुला?"

"डाग दिसला तेव्हापासून. अक्का, मला यातलं कळत नाही. चुकतही असेन. पण चुकलोय हे डॉक्टरांनी सांगू दे."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, मग दुसरा. आणि म्हणाली, "बाई डॉक्टर असंल तरच."

आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधणाऱ्या खलीलभाईंची मुलगी उजमा त्वचेची डॉक्टर आहे. लहानपणी ती वडिलांबरोबर यायची आणि बांधणीला आलेलं पुस्तक वाचत कोपऱ्यात बसायची. तिच्या दवाखान्यात गेलो, तर तिनं मला बाहेरच थांबवलं. थोड्या वेळानं आतून हसणं ऐकू आलं.

आत काय झालं ते अक्कानं नंतर रिक्षात सांगितलं. जखम दाखवायला तिचा हातच उठेना. तेव्हा उजमानं बँडेजची लांब पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, रोज नाडी बांधता तशी मला बांधून दाखवा. अक्कानं ती पांढऱ्या कोटावरून अशी आवळली की डॉक्टरीणबाई कळवळली. आजी, सोडा हो, माझा तर आत्ताच जीव चालला, तुम्ही एवढी वर्षं काढलीत कशी, असं म्हणाली. अक्का हसली आणि हसता हसताच तिनं निऱ्या बाजूला केल्या. मी शंभर पुस्तकं वाचली असती तरी मला हे सुचलं नसतं.

जखमेवर हळद-तूप लावलेली कापडाची घडी निघाली. ती सरकू नये म्हणून अक्का नाडी रोज आणखी घट्ट बांधत होती.

मग मला आत बोलावलं. उजमा रागावली नाही, आणि बोलली ती अक्काशीच. काचानं कातडी काळी पडते, जाड होते, खाजते. बहुतेकींचं तेवढ्यावरच राहतं. क्वचित कुणाला तिथे जखम होते. ती महिनाभरात भरली नाही, तर मलमं लावत बसायचं नाही, लहानसा तुकडा काढून तपासायचा. धीर करून मी माझ्या गालावरचा काळा उंचवटाही दाखवला. भिंगातून नीट बघून ती म्हणाली, "हा वयाचा आहे, काका. तुमच्यासारखाच निरुपद्रवी."

अक्काच्या जखमेतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी अक्कानं सरळ विचारलं, "मरंन का मी?"

उजमानं खुर्ची जवळ ओढली. "आजी, हा कातडीचा कॅन्सर आहे. जांघेत गाठी हाताला लागत नाहीत, हे चांगलं लक्षण आहे. भोवतीच्या चांगल्या कातडीसकट तो कापून काढायचा. कापलेल्या कडा तपासून स्वच्छ आल्या की मी खात्रीनं बोलेन. आज उगाच गोड बोलणार नाही."

"मग काढून टाका," अक्का म्हणाली. माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "ह्याला आधी पाणी द्या."

ऑपरेशन झालं. मांडीची पातळ कातडी काढून कमरेवर लावली. गाऊन म्हणजे शहरी बायकांची थेरं असं म्हणणारी अक्का गाऊन घालून घरभर फिरू लागली. तिच्या चेहऱ्यावर भीती मी शोधत होतो. असलीच तर तिनं ती मला दिसू दिली नाही. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा उजमा दारापर्यंत आली. कडा स्वच्छ होत्या. अक्कानं तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तपासणीला मात्र काही वर्षं येत राहायचं, हे उजमानं दोनदा बजावलं.

परवा आम्ही भाजीबाजारात गेलो होतो. मेथी विकणारी कुसाबाई बसल्या बसल्या पदराखालून कंबर खाजवत होती. अक्कानं भर बाजारात, मोठ्यानं विचारलं, "जखम हाय का गं तिथं?"

कुसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले होते, पण मी हललो नाही. अक्कानं तिला हाताला धरून उठवलं, मला मेथीच्या ढिगामागे बसवलं आणि दोघी ताडपत्रीच्या आडोशाला गेल्या. एका बाईनं मला जुडीचा भाव विचारला. मालकीण येतच आहे, जरा थांबा, असं मी म्हणालो.

अक्का बाहेर आली ती हात झटकतच.

"जखम नाय. नुसतं काळं पडलंय," ती म्हणाली. "नाडी सैल करून दिली तिला. पण डॉक्टरीणबाईचा पत्ता सांगून ठेव."