चारही वाटा चालू आहेत

विषय : श्रीमती लंकाबाई, राहणार सिन्नर तालुका, यांनी मुलगा समाधान यास आपले एक मूत्रपिंड देण्यास परवानगी मिळण्याबाबत केलेला अर्ज.

संदर्भ : रुग्णालयाचा सर्व्हर परवापासून बंद असल्याबाबत.

वरील विषयी निवेदन करणारा मी डॉक्टर नाही, नातेवाईक नाही, अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीचा सदस्य तर नाहीच. मी मल्टिपाथ ड्रायव्हर बोलतोय. ड्रायव्हर म्हटल्यावर खाकी शर्ट डोळ्यांसमोर आणू नका. मी एक सॉफ्टवेअर आहे आणि गंगापूर रोडवरच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या युनिक्स सर्व्हरमध्ये राहतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. विश्वस्तांना ते फक्त देणगीच्या फलकावर आवडतं.

माझं काम कारकुनाला समजेल असं सांगतो. सर्व्हर म्हणजे टेबल आणि साठवणपेटी म्हणजे कपाट. रुग्णांचे सगळे अहवाल कपाटात. टेबल ते कपाट ये-जा करायला केबली आहेत आणि मध्ये दोन स्विच, म्हणजे दोन नाकी. त्यांतून माझ्या चार वाटा निघतात. एक नाकं बंद पडलं तर मी कागद उरलेल्या वाटांनी नेतो. टेबलावर बसलेल्याला काही कळतही नाही. काम चांगलं झालं की कुणाला कळू नये, अशी ही नोकरी आहे. माझा जन्म परदेशात कुठल्याशा कंपनीत झाला. जन्मदात्यांची नावं माझ्या पोटात लिहिलेली आहेत, पण ती आजवर कुणी वाचलेली नाहीत.

इथे मला बसवलं मनोजने. मनोज संगणक विभागाचा प्रमुख. विभागात तो एकटाच असल्यामुळे प्रमुखपदावरून वाद झाला नाही. त्याने मला एक नियम घालून दिला : सगळ्या वाटा बंद झाल्या तर कागद परत पाठवायचे नाहीत, वाट उघडेपर्यंत हातात धरून उभं राहायचं. नियम चांगला होता. वाट उघडेल, हे त्यात गृहीत होतं.

बरीच वर्षं बरी गेली. मग आली खंडेनवमी.

अधीक्षक ढुंढिराज गायधनी साहेबांचं म्हणणं असं, की शस्त्रपूजा ज्याची त्याची व्हावी. सर्जनांच्या कात्र्या चौरंगावर, संगणक विभागाचंही काहीतरी चौरंगावर. सर्व्हरच्या खोलीत उदबत्ती लावली की आगीची घंटा वाजते, म्हणून पूजा सभागृहात.

"दर वर्षी काय कीबोर्ड ठेवता हो?" साहेब म्हणाले. "विश्वस्त येणार आहेत. जरा दिवे लागणारं काहीतरी आणा."

मनोजने दुसरा स्विच काढला. त्याच्या केबली तात्पुरत्या पहिल्या स्विचला लावल्या. चौरंगावर हिरवे दिवे लुकलुकले, विश्वस्त प्रसन्न झाले, फोटो निघाले. हळदकुंकू पडलं, गुरुजींनी सढळ हाताने अक्षता टाकल्या. त्या जाळीतून आत गेल्या आणि पंख्यात बसल्या. दसऱ्यानंतर तो स्विच परत लावला, तर सुरूच होईना.

मनोज नव्या स्विचचा प्रस्ताव घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी माझा पडदा उघडायला सांगितला. मी वाटा मोजल्या : चार. चारही चालू.

"चार चालू आहेत ना? मग पाचवी कशाला?"

"सर, चारही एकाच स्विचमधून जातायत. तो गेला की चारही गेल्या."

"पण गेलेला नाही ना?"

मला फक्त वाटा मोजता येतात. त्या कुठल्या नाक्यावरून जातात, ते मला दिसत नाही आणि कुणी विचारतही नाही. आकडा खरा होता. त्या खऱ्या आकड्यानेच प्रस्ताव निकाली निघाला.

परवा सकाळी पहिल्या स्विचनेही मान टाकली. दिवे हिरवेच होते, आतून मात्र काही जात नव्हतं. चारही वाटा एका क्षणात बंद. हातात त्या वेळी होते ते कागद घेऊन मी नियमाप्रमाणे उभा राहिलो. लंकाबाईंचं मूत्रपिंड मुलाला जुळतं का, त्या तपासणीचा अहवाल मागणारी चिठ्ठी त्यांत सगळ्यांत वर होती.

काल लंकाबाई अहवालाच्या खिडकीशी उभ्या होत्या. आत ओवी नावाची मुलगी पडद्यावरचं फिरतं चक्र बघत होती.

"पोरी, माझा कागद निघाला का?"

"मावशी, सिस्टिम बंद आहे."

"मघाशी बी तेच बोलली तू. कोण हाय ही सिस्टिम? मला भेटव, मी हात जोडते तिला."

"तिला भेटता येत नाही हो."

"लय मोठी हाय का?"

ओवीला हसू आलं आणि मग आलं नाही. "मावशी, तुमचं जुळलंय. लॅबवाले दादा म्हणाले ना तुम्हाला?"

"म्हणला. पण तो म्हणला म्हणून डॉक्टर कापत नाय ना, बाई. उद्या समिती बसणार. पोराच्या हाताला डायलिसिसची सुई टोचायला जागा नाय राहिली. डॉक्टर बोलले, आता लांबवू नका."

लांबवत कोणीच नव्हतं. सगळे कामातच होते. पुण्याच्या सपोर्ट कंपनीतले आल्हाद फोनवर होते.

"मनोज सर, तुमचा मल्टिपाथ ड्रायव्हर जुना आहे. तोच प्रॉब्लेम."

"अहो, चारही पाथ एकदम गेलेत. स्विच बघायला नको का?"

"स्विचचे दिवे हिरवे आहेत म्हणालात ना? मग ड्रायव्हरच."

मला काढलं. माझी नवी आवृत्ती बसवली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. नव्या मीने वाटा मोजल्या : शून्य. मग नव्याला काढून जुन्याला बसवलं. पुन्हा शून्य. माझ्या हातातले कागद या येण्याजाण्यात गळून पडले. ते मागितले होते, एवढीसुद्धा नोंद आता कुठे नाही. अहवाल मात्र कपाटात शाबूत आहे. फक्त कपाटापर्यंत जाता येत नाही.

शेवटी मनोज स्वतःच्याच डोक्याने विचार करू लागला आणि स्विचपर्यंत पोचला. त्याने साहेबांना गाठलं.

"सर, स्विच वगळून केबल थेट साठवणपेटीला लावतो. तासाभराचं काम आहे."

"कंपनी काय म्हणते?"

"म्हणते, थेट लावलंत तर जबाबदारी तुमची."

"मग लेखी अर्ज द्या. विश्वस्तांकडे ठेवतो."

"सर, उद्या समितीची बैठक आहे. त्या बाईंचा अहवाल..."

"म्हणूनच म्हणतो, घाई नको. हाताने लिहिलेला अहवाल चालेल का, विचारलंत?"

"विचारलं. चालत नाही."

"बघा!" साहेब म्हणाले. स्वतःचं म्हणणं सिद्ध झाल्यासारखा त्यांचा स्वर होता.

मनोजने अर्ज हाताने लिहिला आणि आवक विभागात नेला. तिथल्या बाईंनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि सांगितलं, की आवक क्रमांक सर्व्हर देतो. सर्व्हर सुरू झाला की क्रमांक पडेल. सर्व्हर सुरू करण्यासाठीच हा अर्ज आहे, असं मनोज म्हणाला. बाई म्हणाल्या, ते खरं आहे.

आज समितीची बैठक झाली. लंकाबाईंचं प्रकरण अहवालाअभावी घेता आलं नाही. पुढची बैठक महिन्याने आहे. बैठकीचा चहा होईपर्यंत लंकाबाई बाहेर बाकावर बसून होत्या. मग उठून डायलिसिसच्या खोलीकडे गेल्या. तिथे समाधानच्या मानेत नळी घालायचं चाललं होतं. त्याने विचारलं, "आई, काय झालं?"

"चालू हाय त्यांचं," लंकाबाई म्हणाल्या.

मी अजून वाटा मोजतो आहे. मला थांबायला कुणी सांगितलेलं नाही. मोजतो, शून्य येतं, पुन्हा मोजतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाची गायधनी साहेबांकडे ऊठबस असेल, तर त्यांनी एक केबल हलवायला सांगावी, एवढीच विनंती.

सद्यःस्थिती : मनोजच्या अर्जाला आवक क्रमांक पडलेला नाही. लंकाबाईंचा अर्ज प्रलंबित आहे.