दुसऱ्या पोटातली पायली

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. घर नव्हे बरं का, घरातली नुसती मधली भिंत. किन्हीराजा गावात दौलतरावांचं घर विचारलंत की कोणीही तुम्हाला माझ्यापर्यंत आणून सोडेल. वय मात्र विचारू नका, तिथूनच घोळ सुरू होतो. दाराच्या चौकटीवर १९१२ कोरलेलं आहे, ग्रामपंचायतीच्या वहीत १९२० आहे, आणि दौलतराव पाहुण्यांपुढे छाती फुगवून दीडशे वर्षं सांगतात. मी कोणाचं खरं मानू? मला आपलं एवढंच आठवतं, की सुरुवातीला मी ओली होते आणि चार माणसं मला पायांनी तुडवत होती.

दौलतरावांचे आजोबा मारोतराव यांनी हे घर उभं केलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं. उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की माणूस हुश्श करायचा. आणि मधोमध मी, पाच फूट रुंद. एवढी रुंद कशाला, असं वाटेल तुम्हाला. अहो, मी आतून पोकळ आहे. माझ्या पोटात धान्य ठेवत. त्याला आमच्याकडे बळद म्हणतात. धाब्यावर बळदाचं तोंड, तिथून ज्वारी ओतायची. खाली खोलीत हातभर खिडकी, तिथून काढायची. मला अशी दोन पोटं दिली, एकाला लागून एक. पहिलं खाण्याच्या ज्वारीचं, दुसरं बियाण्याचं.

काय कौतुक होतं तेव्हा माझं. नवी सून आली की तिला आधी माझ्यापुढे आणत आणि माझ्यावर कुंकवाचं बोट लावत. बळद भरण्याचीही या घरची एक रीत होती. शेवटची पायली ओतायची नाही, भरलेली तशीच ज्वारीवर ठेवून द्यायची आणि तोंड बंद करायचं. पायली म्हणजे मोजायचं लोखंडी माप. तिच्यावर मारोतरावांच्या नावाचं ‘मा’ ठोकलेलं होतं.

पुढे मारोतराव गेले. बियाणं दुकानातून पिशव्यांत यायला लागलं, आणि त्यांचे चिरंजीव गुलाबराव यांनी माझ्या दुसऱ्या पोटाची खिडकी मातीनं लिंपून टाकली. धाब्यावरचं तोंड मात्र दगड ठेवून तसंच राहिलं. घरातली लहान मुलं मोठी झाली, त्यांना दुसरं पोट माहीतच नव्हतं. खरं सांगू, मीसुद्धा विसरले. हसू नका. तुम्हाला तरी तुमच्या पोटातलं दिसतं का?

आता बहात्तर सालचं सांगते. सांगताना मला आजही धड सुधरत नाही.

तेव्हा घरी लखीराम नावाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी होता, मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरचा. चोविसेक वर्षांचा, अंगानं काटक, बोलायला कमी. माघात बळद भरायचं होतं. गुलाबराव सोयरिकीला गावाला गेलेले. एकोणीस वर्षांचा दौलत आणि लखीराम असे दोघंच धाब्यावर चढले. दौलतनं दगड बाजूला केला, दोघांनी दिवसभर ज्वारी ओतली, रीतीप्रमाणे वर भरली पायली ठेवली आणि तोंड लिंपून टाकलं. पंधरा दिवसांनी सगळ्या धाब्यावर नवी पांढरी माती पसरली. त्या दिवसापासून मला दक्षिणेकडे जड जड वाटायला लागलं. म्हटलं, वय झालं, असंच व्हायचं.

त्या साली पाऊस आलाच नाही. बाहेर पोत्यांत ठेवलेली ज्वारी संपली, तेव्हा श्रावणात गुलाबरावांनी माझ्या पहिल्या पोटाची खिडकी उघडली आणि आत हात घातला. हाताला नुसती धूळ लागली. आपणच लिंपलेल्या दुसऱ्या पोटाची आठवण रागाच्या भरात त्यांनाही झाली नाही.

“लखीराम, ज्वारी कुठी गेली?”

“मालक, मीनं सोता भरली. दौलतभाऊले इचारा.”

“काय रे दौलत?”

“भरली त होती, बाबा.”

“मंग पायली कुठी हाय? ज्वारी उंदरानं खाल्ली म्हनू, पायली बी खाल्ली काय?”

दौलत खाली बघायला लागला. आपण दोघंच वर होतो, लखीराम एक घडीही नजरेआड झाला नव्हता, हे त्याला सांगता आलं असतं. पण बापाचा आवाज चढलेला होता, आणि आपल्याच हातून काही चुकलं असेल की काय, अशी शंकेची पाल त्याच्या मनात चुकचुकली. तो गप्प बसला. त्याच दिवशी लखीरामला हाकलून दिलं. जाताना त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं, ते मला अजून आठवतं.

आणि मित्रांनो, मी काय केलं? मीही त्याला चोरच समजले. ज्वारी माझ्याच पोटात होती आणि मी मनात म्हणत होते, कसा मेला दिसायला गरीब, आणि आपल्याच धन्याचं घर धुतलं. पंचक्रोशीत मग त्याला कोणी सालदार ठेवलं नाही. बायकोला घेऊन तो ऊस तोडायला दूर गेला आणि म्हातारपणी तांड्यावर परतला, असं कानावर आलं.

पुढची वर्षं झरझर गेली. धाब्यावर टिनपत्रे आले. पहिलं पोट फोडून त्याचं कपाट केलं, त्यात आता चार्जर आणि औषधाच्या बाटल्या असतात. मला आधी निळा रंग दिला, मग गुलाबी. माझ्याकडे पाहायला मात्र कोणाला वेळ नव्हता. मी म्हणजे खिळा ठोकायची जागा.

यंदा दौलतरावांच्या सुनेनं, ज्योत्स्नानं, खोलीत फरशी बसवायचं काढलं. बाहेरून टेप लावून तिनं स्वतः माप घेतलं, भिंती फूटभर जाडीच्या धरून वजा केल्या आणि मालेगावहून फरशी आणली. धम्मरत्न मिस्त्रीनं काम उरकलं आणि फरशी उरली. थोडीथोडकी नाही, चांगले सहा खोके.

“काहून उरली?” दौलतरावांनी विचारलं.

“मामाजी, तेच त समजून नाई राह्यलं,” ज्योत्स्ना म्हणाली. तिनं पुन्हा टेप धरला. “पाहा, कपाटाच्या बाजूनं माप बराबर भरते. इकडच्या बाजूनं चार फूट कमी. मंग हे चार फूट गेले कुठी?”

मला काय माहीत गं बाई? मीच चक्रावून गेले. ती उठली आणि मला बोटांनी ठोकत निघाली. इथे टण्ण, तिथे टण्ण, आणि कपाटापलीकडे एका जागी एकदम बद्द. बावन्न-त्रेपन्न वर्षांत मला कोणी असं वाजवून पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीनं गिलावा काढला. जुनी खिडकी निघाली. आतून काळपट ज्वारी घरंगळायला लागली, थांबेचना. दाणे नव्हतेच ते, किडीनं पोखरलेली टरफलं, वाळलेला निंबाचा पाला आणि भुकटी. नव्या फरशीवर ढीग झाला. सगळ्यात शेवटी काहीतरी खडखडत खाली आलं आणि ज्योत्स्नाच्या पायाशी पडलं. गंजलेली पायली. तिनं पदरानं पुसली, तर खाली ‘मा’ निघालं.

दौलतरावांनी त्या ‘मा’वरून बोट फिरवलं. त्यांनी सुनेला सगळं सांगितलं, काही न लपवता सांगितलं. मी ऐकत होते, आणि माझं जडपण कसलं होतं ते मला तेव्हा कळलं. लाज वाटली हो मला. पण मग ते म्हणाले, “मिस्त्री, मलबा भरून बुजवून टाका हे. बाबा बी गेले. आता उकरून कोनाचं भलं होनार हाय?”

मिस्त्रीनं घमेलं उचललं. ज्योत्स्नानं त्याला हातानं थांबवलं.

“मामाजी, बुजवाचं त तुमी सोता बुजवा. मिस्त्रीले कायले सांगता?”

दौलतरावांनी घमेलं हातात घेतलं. खिडकीपर्यंत आले. पायलीकडे पाहिलं, आत अंधारात पाहिलं. मग घमेलं खाली ठेवलं आणि चपला घालून ते लखीरामला बोलवायला, मानोऱ्याची गाडी धरायला बसथांब्यावर गेले.

लखीराम येईल की नाही, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. लखीराम म्हणून मी त्याला ओळखलंच नाही, काठी टेकत येणारा एक वाकलेला म्हातारा. खुर्ची दिली तर तो बसला नाही. सरळ माझ्यापाशी आला, खिडकीत हात घातला आणि मूठभर ज्वारी काढली. मुठीतच तिचं पीठ झालं.

“लखीराम, चूक माही होती,” दौलतराव म्हणाले. “दगड मीनं चुकीचा उचलला. अन् बाबापुढं गप्प बसलो तो बी मीच. मले माफ कर.”

लखीरामनं मूठ उघडून पीठ खिडकीत झटकलं.

“तुमच्या बाबाचं मले काई नाई, दौलतभाऊ,” तो म्हणाला. “माह्या बापानं बी मले इचारलं होतं. म्हने, लखू, नेली असन त सांग, मी कोनाले नाई सांगत. मरेपर्यंत त्याले वाटत राह्यलं का मीनंच नेली. आता त्याले कोन सांगन?”

ज्योत्स्नानं ढिगाजवळची पायली उचलून आणली.

लखीराम म्हणाला, “हे पायली द्या मले. तांड्यावर दाखवतो. नातू-पंतूइले त दिसन.”

ज्योत्स्नानं पायली पुढे केली. दौलतरावांनी ती मधेच घेतली. “तू नको दाखवू. तुही काठी धर, पायली मी घेतो. तांड्यावर मी सोता सांगतो.” आणि दोन म्हातारे चारच्या गाडीनं मानोऱ्याला गेले.

खिडकी अजून उघडीच आहे. ज्योत्स्नानं ती रुंद करून उरलेली फरशी माझ्या त्या पोटात बसवून घेतली आणि तिथे काहीही ठेवायचं नाही, असं घरात बजावलं. मित्रांनो, मला गुलाबी रंग नको, निळाही नको. एवढंच करा. घरात एखादी वस्तू सापडली नाही, तर कोणाकडे बोट दाखवायच्या आधी तेच बोट माझ्यावर एकदा वाजवून पाहा. मला बोलता येत नाही, पण ठोकलंत तर आवाज येतो.