शालीची मागची बाजू

हेमचंद्ररावांनी सतराव्यांदा ‘अस्सल हिमरू शाल’ टाइप केलं, तेव्हा अरफानं लॅपटॉप अलगद आपल्याकडे ओढला.

“काका, आता बस. पहिल्या पानावरून चौथ्या पानावर गेलोय आपण.”

“अजून चार वेळा घालतो. येईल वर.”

“त्यानंच खाली गेलोय. गूगलनं नियम बदललेत.”

“बदलले? मग परिपत्रक कुठंय?”

तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाचा हा रास्त प्रश्न होता. तिथे प्रत्येक परिच्छेदात ‘उपरोक्त विषयान्वये’ आलं नाही, तर फाइल परत येई. गुलमंडीतल्या अरफाच्या वडिलांच्या शालींच्या दुकानाची वेबसाइट त्यांनी निवृत्तीनंतर त्याच शिस्तीत लिहिली होती. एका वाक्यात गावाची जुनी-नवी दोन्ही नावं, शाल तीनदा आणि जागा उरलीच तर क्रियापद. या जोरावर दोन वर्षं दुकान पहिल्या पानावर राहिलं आणि हेमचंद्रराव पंख्याखालच्या खुर्चीवर.

“आता काम करणाऱ्याचा अनुभव लागतो,” अरफा म्हणाली. “लोक जे विचारतात त्याचं खरं उत्तर. महिनाभर बघते काका, नाहीतर वेबसाइट एजन्सीला देते.”

हेमचंद्ररावांनी खांद्यावरची शाल सावरली. अरफाच्या वडिलांनी, नूरमोहम्मदनं, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी ती सगळ्या कचेरीसमोर ‘खास माझ्या मागावरची’ म्हणून त्यांच्या खांद्यावर घातली होती. ती तशीच घेऊन, हातात कोरा कागद धरून ते मागच्या खोलीत मागापाशी जाऊन बसले.

“नूरभाई, लोक विचारतात, अस्सल शाल ओळखायची कशी?”

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकानं हे कधी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक भाव विचारतं. नूरमोहम्मद खुलला.

“लई सोपंय साहेब. समोरून काय बघायचं? उलटी करायची. मागं रेशमाचे सुटे धागे दिसले पायजेत, बोटात अडकणारे. मागून साफ दिसली की समजायचं, छापील माल. आपल्याच दुकानात बघा ना, वरच्या दोन फळ्या सोडल्या तर बाकी सगळं...”

इथं त्याची नजर साहेबांच्या खांद्यावर गेली आणि सूत फेकायचा धोटा हातातच राहिला.

हेमचंद्ररावांनी शालीचं टोक उलटलं. मागची बाजू स्वच्छ होती, नव्या फाइलीसारखी. त्यांनी ते टोक पुन्हा सुलटं केलं आणि मांडीवर नीट बसवलं.

“साहेब, ते वाक्य... लिहायलाच पायजे का?”

“अनुभव मागितलाय,” हेमचंद्रराव म्हणाले आणि लिहिलं.

महिना व्हायच्या आत दुकान पहिल्या पानावर आलं. आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी शाली उलट्या करू लागलं. नूरमोहम्मदनं खालच्या फळ्यांवर स्वतःच्या हातानं ‘छापील’ अशा चिठ्ठ्या लावल्या. एके सकाळी नाशिकच्या एक बाई मोबाइलवर वाचत वाचत सगळं दुकान पालथं घालून पंख्याखालच्या खुर्चीपर्यंत आल्या.

“ही छान आहे हो. मागून बघू जरा?”

हेमचंद्ररावांनी शालीचं टोक मुठीत धरलं.

“ती विकायची नाय!” नूरमोहम्मद गल्ला सोडून मध्ये येऊन उभा राहिला.

बाई वरच्या फळीवरची एक घेऊन गेल्या. नूरमोहम्मद बराच वेळ शालींच्या घड्या घालत राहिला. घातलेल्या मोडून पुन्हा घालत होता.

“साहेब, तुम्हाला जांभळा आवडतो का हिरवा?”

“कशाला?”

“असंच. वेबसाइटवर लिहायला.”

हेमचंद्ररावांनी मुठीतल्या टोकाकडे पाहिलं.

“जांभळा,” ते म्हणाले आणि मूठ सैल केली.