कड्यावरचा डावा बोल्ट

तुमच्यापैकीच कुणीतरी माझा घात केला आहे. नाव इतक्यात घेत नाही. ज्याने केला त्याला हे वाचताना मानेमागे गार वाटेल, तेवढं मला पुरे. बाकीच्यांनी उगाच इकडेतिकडे बघू नये. तुम्ही तेव्हा टाळ्या वाजवत होतात.

मी बोल्ट आहे. मधल्या बोटाएवढा लांब, करंगळीएवढा जाड. डोक्याशी नट आणि नटाखाली भोक पाडलेली एक वाकडी पट्टी. त्या पट्टीत आकडा अडकवायचा, आकड्यात दोर, दोराला माणूस. कडा चढून आलेल्या माणसाचं वजन धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. वजन नेहमी खाली ओढतं. मीही खालच्याच ओढीसाठी घडलो आहे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो निघाले, तो जन्म मी धरत नाही. माझा खरा जन्म कड्याच्या माथ्यावर झाला, फिटरच्या हातून. आठवडाभर तो एका गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा आणि सुटीच्या दिवशी कडा चढायचा. त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी होती. कंबरेला दोर बांधून तिला माथ्यावरच्या झाडाशी बसवलं होतं. त्याने हाताने छिन्नी ठोकून भोक पाडलं, रबराची नळी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "फुंक."

तिने फुंकलं. सगळी धूळ तिच्याच तोंडावर आली.

"झालं, बाबा."

"नाही झालं. अजून फुंक. भोकात धूळ राहिली की बोल्ट खोटं बोलतो."

"बोल्ट कुठे बोलतो?"

"थांब, ऐकवतो तुला."

पुन्हा फुंकणं, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकणं. मग त्याने मला आत ठोकलं, नट आवळला आणि हातोडीने हलकेच टिचकी मारली. टण्ण! आवाज दगडातून थेट समोरच्या सुळक्यापर्यंत गेला असेल. ती मुलगी डोळे चोळत हसली. "खरं बोलतोय!" ती म्हणाली.

त्या एका वाक्यावर मी तेरा वर्षं जगलो.

दीड वीत अंतरावर, माझ्या उजवीकडे, माझा भाऊ बसवला गेला. दरवर्षी एकदा बाप-लेक हातोडी घेऊन यायचे, कड्यावरच्या एकेका बोल्टला टिचकी मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. टण्ण म्हणजे ठीक. ठप्प म्हणजे काढून टाका. आम्ही दोघे तेरा वर्षं टण्ण बोललो. किती माणसं आमच्यावर लटकली! कुणी देवाचं नाव घेत, कुणी आईचं, कुणी नुसतं "मेलो मेलो" करत. मी कुणालाही सोडलं नाही. मुलगी मोठी झाली, बापापेक्षा चांगली चढू लागली. बापाचा गुडघा गेला, तो खाली उभा राहून तिचा दोर सांभाळू लागला. यंदा तर त्याला माथ्यापर्यंतही येववेना. टिचकीचं काम राहून गेलं.

आणि यंदाच ते लोक आले.

त्यांच्या म्होरक्याला सगळे तोल्या म्हणत. दोन इंच रुंदीचा एक पट्टा ते दरीवर ताणत आणि त्यावरून हात पसरून चालत. स्लॅकलाइन म्हणे. चाला की! खाली मैदानात दोन झाडं बघा, त्यांच्यात बांधा आणि जन्मभर चाला, माझं काही म्हणणं नाही. पण यांना खाली खोल दरी हवी, मागे आकाश हवं आणि त्याचं चित्रण करायला वर ड्रोन हवा. ड्रोन उडवणारा मित्र वेगळा. त्याचं नाव भुंग्या, आणि ते अगदी योग्य होतं.

पट्ट्याचं एक टोक समोरच्या सुळक्याला, दुसरं आम्हा दोघा भावांना. त्यातही पट्टा सरळ यावा म्हणून बहुतेक ओढ माझ्यावर. खाली नव्हे हो, बाहेर! दात उपटायला ओढतात तशी. वर हा माणूस पट्ट्यावर उड्या मारणार, हिसका प्रत्येक वेळी मला. त्यांच्यातल्या एकाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "तपासायला नको का?" तोल्या हसला. "फिटरकाकांचा बोल्ट आहे. डोळे मिटून बांध."

माझ्या बापाच्या नावावर विश्वास ठेवून त्यांनी माझा जीव घेतला. ही गोष्ट मी विसरणार नाही.

मुलगी भांडायला आली होती. चार चढणारे खाली ताटकळलेत आणि माथा दिवसभर यांनी अडवलेला.

"ताई, कडा काय तुमच्या घरचा आहे का?" तोल्या म्हणाला.

"कडा नाही. बोल्ट आहे. बाबांनी मारलाय."

"मग नाव कोरायचं ना त्यावर!"

सगळे खो खो हसले. भुंग्याने तिच्या डोक्यावरून ड्रोन एक चक्कर फिरवून आणला. ती पाठ फिरवून उतरून गेली. मी तिच्या बाजूने काय बोलणार? माझं बोलणं फक्त टिचकीला.

तिसऱ्या सुटीला माझ्याभोवतीचा दगड कुरकुरला. केसाएवढी चीर पडली, मग बारीक वाळू गळू लागली. नट सैल झाला. संध्याकाळी त्यांनी पट्टा सोडला तेव्हा मला कळून चुकलं की मी संपलोय. वरून मात्र तसाच दिसत होतो, चकचकीत आणि ताठ.

मग मी ठरवलं. आता घाई करायची नाही. हिसका सोसायचा, गप्प राहायचं. पुढच्या सुटीला तोल्या बरोबर मधोमध येईल, खाली दरी, वर भुंग्याचा ड्रोन, हात पसरलेले, तेव्हा सुटायचं. सहा दिवस मी हेच घोकत होतो. वारा आला की आतून जरा हलून बघायचो. जमत होतं. इतका आनंद मला तेरा वर्षांत झाला नव्हता, आणि ते सांगायला मला लाजही वाटत नाही.

सुटीचा दिवस उजाडला. सकाळीच मंडळी माथ्यावर. सुळक्याकडचं टोक बांधून झालं. पट्ट्याचं दुसरं टोक तोल्याच्या हातात, आणि शेजारी कंबरपट्टा बांधून त्याची धाकटी बहीण उभी. आज ती पहिल्यांदा चालणार होती.

"दादा, नक्की ना?"

"अगं वेडे, हत्ती लटकव याला."

मी ऐकलं. बहीण असेल तर बहीण. माझं ठरलेलं होतं.

तेवढ्यात कड्याच्या काठावर खालून एक हात आला. फिटरची मुलगी. पस्तीस मीटर चढून, घामाने निथळत. शेवटचा आकडा तिच्या पायाखाली बराच लांब राहिलेला. इथून पडली तर मधल्या कंगोऱ्यावर आपटणार, हे मला माहीत, तिला माहीत, आणि खाली दोर धरून मान वर केलेल्या तिच्या बापाला सगळ्यात जास्त माहीत.

तिने नेहमीप्रमाणे आकड्यानेच मला टिचकी मारली.

मी ठप्प बोललो. पण ऐकणार कोण? भुंग्याचा ड्रोन तिच्या कानाशी हातभर अंतरावर घोंघावत होता. घुंई घुंई घुंई. तिने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा घुंई.

"ए, बाजूला घे रे ते!" ती ओरडली.

"दोनच मिनिटं, ताई! भारी शॉट येतोय. जरा इकडे बघा ना!"

तिचा दम संपला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो तोल्याच्या चेहऱ्यावर पाहिला होता. बाबांचा बोल्ट आहे. तिने आकडा माझ्यात घातला आणि कड्यावरचा दुसरा हात सोडायला निघाली.

सहा दिवस जपलेलं सैलपण माझ्याजवळ होतं. ताठ राहिलो असतो तर दुपारी माझा सूड पुरा झाला असता. पण त्याआधी, पेलेन की नाही माहीत नसताना, माझ्यावर लटकणार होती ही. धूळ तोंडावर घेऊन माझ्यासाठी फुंकणारी.

मी फिरलो. तिच्या बोटाखाली माझी पट्टी गर्रकन अर्धी फिरली. बोल्टाने फिरणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. भर चौकात धोतर सुटावं तसं आहे ते. पण हातोडीचा आवाज बुडाला होता, खरं बोलायला दुसरी जागाच उरली नव्हती.

तिचा हात तिथेच थांबला. आकडा हळूच काढून ती उजवीकडे सरकली, भावाला धरलं, शेजारच्या फटीत धातूची पाचर अडकवली, आणि मगच अंग सोडलं. दोन श्वास घेतले. मग डावा हात लांब करून दोन बोटांनी मला धरलं आणि ओढलं. मी सहज बाहेर आलो. वाळू भुरभुरली. आणि भुंग्याच्या ड्रोनने हे सगळं अगदी जवळून, स्वच्छ उजेडात टिपलं.

घोंघावणं थांबलं. तोल्याच्या हातातलं पट्ट्याचं टोक गळून पडलं होतं. बहीण त्याच्याकडे बघत होती. मग तिने कंबरपट्टा सोडायला घेतला, आणि त्याचं बकल तिच्या हातून सुटता सुटेना.

खाली उतरल्यावर फिटरने मला तळहातावर घेतलं. तोल्या समोर येऊन उभा राहिला. "काका..."

"काका म्हणू नकोस." फिटरचा आवाज चढला नाही. "मी यंदा वर आलो नाही, ती चूक माझी. बाकी हे घे. खिशात ठेव. कुठेही पट्टा बांधायच्या आधी हात लावून बघ याला."

तोल्याने हात पुढे केला नाही. रडत होता. मला त्याची जराही दया आली नाही, आजही येत नाही.

आता मी कड्याच्या पायथ्याशी, पहारेकऱ्याच्या चौकीबाहेर तारेने टांगलेला आहे. मुलीनेच टांगलं. वर जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्यासमोरून जावं लागतं. तोल्या येतो तेव्हा मान खाली घालतो, भुंग्या यायचाच थांबला. मला तुमची माफी नको, फुलं नकोत, आठवणी नकोत. वारा आला की मी तारेवर पत्र्याला आपटत राहीन, आणि तुम्ही वर जाताना तो आवाज तुमच्या पाठीमागे यावा, एवढीच माझी इच्छा. चढायचं असेल त्याने आधी टिचकी मारावी आणि गप्प राहून ऐकावं. ऐकायचं नसेल त्याने घरी बसावं.

परवा पहारेकऱ्याने मला तारेवरून सोडवून पहिल्यांदाच हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"एवढंसं?" तो म्हणाला. "सगळ्यांचा जीव एवढ्याशावर, आणि ही माणसं भांडत होती कडा कुणाचा म्हणून!"